घोरपडीतला मुऱ्हाळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर इथेच हसाल, कारण मी न सांगितलेली एखादी गोष्ट जळगावात शिल्लक आहे यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. लग्नाची पंगत उठली की कुणीतरी खुर्ची आणून ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, होऊन जाऊ द्या." मी होऊ देतो. आवाज काढतो, हातवारे करतो, खुर्चीवर उभा राहतो. माणसं पोट धरून हसतात. तुम्ही माझी गाडीची गोष्ट नक्की ऐकली असेल — बहिणीनं माझ्या गाडीत बसायला नकार दिला, ती. सगळ्यात जास्त हशा तिलाच पिकतो.

तीच गोष्ट सांगतो. फक्त आज खरी सांगतो. थोडा अडखळेन, सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. नुसतं ऐका.

गाडीपासून सुरू करू? ते सोपं आहे, म्हणूनच मला तिथून सुरू करावंसं वाटतंय, हे मला कळतंय. असो. तेव्हा मी तिशीतला होतो. पिंप्राळ्यात पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं माझं दुकान होतं. एका भंगारवाल्याकडे मला एक विलायती, दोन माणसांची जुनी मोटार दिसली. दिसली म्हणजे काय, सांगाडाच. ती उचलली आणि गफूरचाचांच्या गॅरेजात नेऊन टाकली. आठ महिने आम्ही दोघं तिच्यावर राबलो. टप कापून टाकला. पुढच्या स्प्रिंगा कापल्या, मागचे पाटे उतरवले, का, तर मासिकातल्या चित्रातली गाडी जमिनीला चिकटून धावत होती. चाचा रोज म्हणायचे, "बेटा, तूने अपने यहाँ की सडक देखी है?" मी म्हणायचो, "सडकेनं माझी गाडी पाहायची आहे चाचा." असा माज. रंग दिला पिकल्या टरबुजाच्या आतला. आणि जमिनीपासून उंची? एक वीत. तीही करंगळी दुमडून.

गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं — घोरपड.

घोरपडीत बसलं की जग बदलायचं. माणसांचे चेहरे दिसत नसत, गुडघे दिसत. मी ओळखीच्या लोकांना चपलांवरून नमस्कार करायला शिकलो. एसटी शेजारून गेली की तिचं चाक माझ्या कानाशी फिरायचं. शेळी मान न वाकवता माझ्या डोळ्यांत बघायची, आणि तिच्या नजरेत मला कीव दिसायची. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावर रूळ ओलांडायचे म्हणजे समारंभ असे. मागे दोन फळ्या बांधलेल्या असत. आधी फळ्या टाकायच्या, मग गाडी तिरकी करायची, मग शेजारच्या सवारीनं उतरून पायी पलीकडे जायचं. तोवर मागे रिक्षा, सायकली, कापसाची गाडी, आणि शिव्या. जळगावातला एकेक स्पीडब्रेकर मला नावानं पाठ होता. कोण मऊ, कोण खुनशी. रोज संध्याकाळी तिच्या पोटाखाली आडवा होऊन मी नवीन ओरखडे मोजायचो आणि सुखानं झोपायचो. हसू नका. म्हणजे — हसा. तेवढं हसण्यासारखंच होतं.

पण त्या गाडीवर सगळ्यात जास्त कुणाचा जीव होता, तर कुसुमचा. माझी धाकटी बहीण. फाटक आलं की मी सांगायच्या आत ती उतरायची, पदर खोचायची, आणि वाहतूक पोलिसासारखी हात दाखवून मला रूळ ओलांडून न्यायची. "ये, ये, अजून ये भाऊ, पोट वाचलं!" मेहरूणच्या तलावाला आमच्या फेऱ्या असत. तिथे सपाट रस्त्यावर ती दोन्ही हात वर करून ओरडायची.

त्या थंडीत तिचं लग्न झालं. धुळ्याला, देवपुरात दिली. सासरे नाना, जुन्या वळणाचे, शब्दाला पक्के. जावईबापू सज्जन, म्हणजे वडिलांसमोर तोंड न उघडणारे.

आणि मग आली आखाजी.

तुम्ही खानदेशातले नसाल तर एवढं सांगायला हवं. तुमची अक्षय्यतृतीया, ती आमची आखाजी. सासरी गेलेली लेक त्या सणाला माहेरी येते. निंबाला झोके बांधतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात, घरात आमरस आणि पुरणपोळी. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे विचारूच नका. पण लेक आपली आपण येत नाही, आणि सासरचेही आपणहून धाडत नाहीत. माहेरचा माणूस तिला आणायला जावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि त्याच्या येण्याला मूळ. तो गेला तर मान. तो गेला नाही तर माहेर विसरलं. तो रिकाम्या हातानं परत आला तर सासरनं धाडलं नाही. दोन घरांमध्ये तो एकटाच माणूस. दोन्हीकडचं खरं-खोटं एकट्या त्याला ठाऊक.

मुऱ्हाळी अर्थात मी. आबांनी — माझ्या वडिलांनी — एसटीनं जा म्हणून सांगितलं. मी? एसटीनं? मी नानांना पत्र टाकून मोकळा झालो होतो, "स्वतःच्या मोटारीनं येत आहे." देवपुरात आख्खी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहणार, मी वळणावरून हॉर्न देत शिरणार, हे सगळं मी आरशासमोर दोनदा करूनही पाहिलं होतं.

सकाळी निघालो. एरंडोल पार केलं, पारोळा पार केलं. ऊन असं की स्टिअरिंगला ओला टॉवेल गुंडाळावा लागला. धुळे दोन-तीन कोसांवर आलं. रस्त्यावरचं एक गाव लागलं, आणि गावकऱ्यांनी आदल्याच दिवशी, ट्रक वेगात जातात म्हणून, आपल्या हातानं दगड-मातीचा एक बांध रस्त्यावर आडवा घातला होता. उंची गुडघाभर. मला दिसला तेव्हा मी त्याच्यावर होतो.

तराजू पाहिलाय? तशी गाडी त्यावर टांगली गेली. पुढची चाकं हवेत, मागची हवेत, आणि मधे मी. खालून एक आवाज आला, मडकं फुटल्यासारखा. इंजिनखालचं तेलाचं चेंबर फुटलं होतं. काळं तेल धुळीतून वाहत निघालं. पारावरचा एक म्हातारा उठून आला, वाकला, आणखी वाकला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, खाले काय हरपनं?"

गाव हसलं. मीही हसलो. लोकांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. दुपारचा दीड वाजला असेल.

आता इथून पुढे मी कधी कुणाला नेलेलं नाही.

त्या फाट्यावर धुळ्याकडे जाणारी एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर विचारत होता, "धुळे, धुळे कोण?" आणि त्याच वेळी जळगावकडे परतणारा एक रिकामा केळीचा ट्रक थांबला होता. ड्रायव्हर म्हणाला, फळ्या लावा, गाडी चढवू, पोचवतो. एसटीत बसलो असतो तर अर्ध्या-पाऊण तासात बहिणीच्या दारात होतो. तेलानं माखलेला, घामेजलेला, पायी. "मोटार कुठे?" असं कुणीतरी विचारलंच असतं. बस्स. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी बारा वर्षं शोधतोय आणि मला सापडलेलं नाही.

मी ट्रकमध्ये बसलो.

दिवेलागणीला घोरपड गफूरचाचांकडे टाकून घरी आलो. आईनं निंबाला झोका बांधून ठेवला होता, नवा दोर आणून. आबा ओट्यावर होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मग मला विचारलं, "कुसुम कोठे शे?"

आणि मी तोंड उघडलं. खरं सांगायचं असं ठरवून उघडलं होतं, हे शपथेवर सांगितलं तरी आता काय उपयोग? बाहेर पडले ते नाना. हुबेहूब नाना. तेच खाकरणं, तसंच उपरणं झटकणं, आणि त्यांच्याच आवाजात, "आमनी सून आमना घर शोभस." नाही धाडत म्हणाले, आबा. दारातून परत पाठवलं. त्या संतापात गाडी हाकली, ती येताना फुटली.

नक्कल इतकी चांगली वठली की कुणी शंकाच घेतली नाही. आबा आत निघून गेले. आईनं दोर सोडला नाही. शेजारच्या पोरी येऊन झोके घेऊन गेल्या.

तुम्ही म्हणाल, एवढंच? तरुण पोराचा गाढवपणा. दोन दिवसांत सुधारता आला असता. आला असता. आठवड्यानं दुकानाच्या पत्त्यावर कुसुमचं अंतर्देशीय आलं. लिहिलं होतं, "भाऊ, तू आला नाहीस. मी दोन दिवस पिशवी भरून बसले होते. इथे सगळे विचारतात. आबांची तब्येत बरी आहे ना? गाडी कुठे धडकली तर नाही ना?" माझ्यावर राग नव्हता त्यात. काळजी होती. मी ते पत्र तांब्याच्या तारेच्या रिकाम्या रिळात सरकवलं. उत्तर दिलं नाही.

दिवाळीचं बोलावणं आबांनी पाठवलं नाही. जावयाचा पहिला दिवाळसण झाला नाही. इकडे आबा म्हणत, त्यांनी अपमान केला. तिकडे नाना म्हणत असणार, यांनी केला. दोघंही खरे. खोटा एकच, आणि तो दुकानात बसून पंपाच्या मोटारी भरत होता आणि गिऱ्हाइकांना हसवत होता.

वर्ष गेलं. पुढची आखाजी दोन दिवसांवर होती, आणि एका सकाळी आमच्या गल्लीत रिक्षा थांबली. नाना उतरले. मागे कुसुम. वाळली होती. नानांनी ओट्याखाली उभं राहूनच आबांना हात जोडले.

"आबा, तुमनी लेक लई उनू. वरीसभर वाट देखी. मूळ उनं नही, म्हनीसन मीच उनू."

विचार करा. त्या माणसानं रीत मोडली होती. सासरा स्वतः सुनेला माहेरी पोचवायला आला होता, एसटीनं, भर उन्हात. मी खोलीच्या दारात होतो. आबांचा आवाज चढला. "मूळ उनं नही? माझा पोरगा दारात आला होता तुमच्या! 'आमनी सून आमना घर शोभस', कोण बोललं?"

"मी?" नाना थक्क. "मी कव्हय बोलनू? आमना दारशी कोनी उनंच नही!"

आणि मग दोघं म्हातारे वळले. माझ्याकडे.

मला आठवतंय ते एवढंच, की इतकी वर्षं माणसांसमोर बोलणारा मी, आणि माझ्या तोंडात जीभ नव्हती. मग कुसुम बोलली.

"भाऊ आला होता आबा. गल्लीच्या तोंडाशी. मीच परत पाठवला."

"तू?"

"त्या घोरपडीत कोण बसणार? सगळं देवपूर बघत होतं. मला लाज वाटली. मीच म्हटलं, मामंजी धाडत नाहीत म्हणून सांग. त्यांच्या तोंडी ते वाक्यही मीच घातलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आबांकडे बघून, सरळ मान ठेवून, एका दमात तिनं ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. सासऱ्यांच्या नावानं खोटं बोलल्याचा आळसुद्धा. सासऱ्यांच्या समोर! आणि मी? मी सुस्कारा टाकला. हलकं वाटलं हो मला. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. मला हलकं वाटलं.

नानांनी उपरणं झटकलं. मग म्हणाले, "कोठे शे ती घोरपड?"

दुरुस्त होऊन आलेली ती अंगणात उभी होती; सगळे तिकडे गेलो. नानांनी गाडीला एक फेरी मारली. धोतर सावरून आत बसायला गेले, आणि बसले म्हणजे काय, नाहीसेच झाले! फक्त टोपी दिसत होती. बाहेर निघता येईना. एक हात मी धरला, एक आबांनी, पाय कुसुमनं. वर्षभर एकमेकांचं नाव न घेतलेले दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडल्यासारखे होऊन कसेबसे उभे राहिले. नानांनी गुडघे झटकले आणि निकाल दिला, "पोर खरं बोलनी. येन्हात कोन बठी?"

आणि आबा हसले. नाना हसले. सगळी गल्ली हसली.

बघा, सांगता सांगता मी तुम्हालाही इथवर आणलं. इथेच मी दरवेळी थांबतो, टाळ्या घेतो आणि खुर्चीवरून उतरतो. पहिल्यांदा हे मी त्याच आखाजीला सांगितलं, पाहुण्यांपुढे. मग साखरपुड्यांत, बारशांत, दुकानात. दरवर्षी थोडं वाढवत गेलो. कुसुमनं नाक मुरडलं ते नाक, "शी, यात?" म्हणालेला तो सूर — हे सगळं माझं. तिनं कधीच केलं नव्हतं. ती समोर बसलेली असायची आणि हसायची, सगळ्यांपेक्षा आधी.

घरं जुळली, ते तिच्यामुळे. पण किंमत? तिच्या सासूबाई कितीतरी वर्षं कुसुमनं काही सांगितलं की दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायच्या. "तिला गोष्टी रचता येतात," म्हणायच्या. आबा आजही तिला "मिजासवाली" म्हणतात, लाडानं म्हणतात, पण म्हणतात. त्या एका वर्षात आई रोज संध्याकाळी झोक्यापाशी जाऊन उभी राहायची, हे आबांच्या मनातून गेलेलं नाही, आणि ते त्यांनी कुसुमच्या नावावर टाकलेलं आहे. गोष्टी रचता येतात त्या कुणाला? ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

आम्ही दोघं यावर एक शब्दही बोललेलो नाही. घोरपड अजून आहे. स्प्रिंगा बदलून चार बोटं वर घेतली आहे. कुसुम तिच्यावरच गाडी शिकली. जळगावला आली की किल्ली मागते, मला शेजारी बसवते, आणि रूळ आले की मला उतरवून पायी चालायला लावते. मी समजत होतो, झालं, फिटलं, हसत हसत फिटलं.

मग या थंडीत धुळ्याला एका लग्नात खुर्ची आली. मी चढलो. गोष्ट झाली, हशा झाला. कुसुमची पोरगी दहा वर्षांची आहे, माझ्यावर गेलेली, जिभेची तिखट. मायलेकींचं सकाळपासून कशावरून तरी बिनसलेलं होतं. खोटं बोलू नकोस, असं आई तिला म्हणाली असावी. सगळ्यांच्या देखत ती पोर फणकारली, "तू तर गाडीसाठी आजोबांशी खोटं बोललीस! मामा सांगतो ना!"

सगळे पुन्हा हसले. कुसुम हसली नाही. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग पोरीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधायला लागली. माझ्याकडे तिनं तेव्हाही पाहिलं नाही. एकदा पाहिलं असतं तर मी म्हटलं असतं, चिडली आहे, समजूत काढू. पण ती चिडलेली नव्हती. आपल्या पोरीसमोर आपण काय आहोत हे तिला एका शब्दात सांगता आलं असतं, आणि माझ्यासाठी तिनं तो शब्द तिथेही गिळला.

मी खुर्चीवरून उतरलो. त्यानंतर ती गोष्ट मी सांगितलेली नाही.

परवा आखाजी आहे. आज सकाळी मी एसटीनं देवपूरला जाऊन तिला आणि पोरीला घेऊन आलो. वाटेत ती खिडकीशी बसून पोरीला शिवारं दाखवत होती, मजेत होती. नानांना मी मुद्दाम पाहुणे म्हणून बोलावलंय. ऐंशीला टेकले आहेत, पण येतो म्हणाले. आबा आहेत, आई आहे, भाचीही आहे. ते अंतर्देशीय पत्र मी रिळातून काढलंय. घड्या चिरल्या आहेत, अक्षर स्पष्ट आहे.

तुम्ही हे वाचाल तोवर हे कागद मी त्या सगळ्यांसमोर वाचलेले असतील. आवाज न काढता, उभं न राहता, जमिनीवर बसून. आणि पुरणपोळीनंतर नाही, आधी. जेवण झालं की माणसं मऊ होतात, "जाऊ दे रे" म्हणतात. नानांनी, आबांनी, त्या पोरीनं हे रिकाम्या पोटी ऐकायला हवं, की कुसुम त्या दिवशी पिशवी भरून दारात बसली होती, आणि मी आलो नव्हतो.